एका अंगणातली सेवण आणि दालचिनी

आश्विन लागला की चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, हवेत एक जडपणा येतो. पाऊस गेलेला असतो, पण ओल जमिनीतच असते, आणि वरून ऊन असं पडतं की भिंतींना वाफ सुटते. बाजारात हलक्या धानाचे नवे पोहे येतात. ते हातात घेतले की थोडे ओलसर लागतात आणि त्यांना शेताचा वास असतो. या दिवसांत मला काही कारण नसताना धानोऱ्याची आठवण येते. यंदा मात्र कारण घडलं.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रीतीनं घरासमोरच्या रिकाम्या तुकड्यात बाग करायची ठरवली आहे. परवा ती रोपवाटिकेतून दोन कुंड्या घेऊन आली. एकीत करड्या हिरव्या पात्यांचा झुबका, गवतासारखा. वाळवंटातलं झाड आहे, पाणी घालायची कटकट नाही, असं तिला सांगितलेलं. दुसरीत दालचिनीचं रोप, वर दोन तांबूस कोवळी पानं.

"काकू, जागा एकाचीच आहे," ती म्हणाली. "यातलं कुठलं लावू?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं. वाळवंटातलं गवत आणि दालचिनी ही दोन्ही मी एका अंगणात, हाकेच्या अंतरावर, एक सबंध पावसाळा पाहिली आहेत. कुणाला किती ऊन लागतं, कोण पाण्यानं जगतं आणि कोण पाण्यानं कुजतं, हे मला पाठ आहे. पण ते सांगायचं म्हणजे केसरबद्दल सांगावं लागतं, आणि प्रीतीला घाई होती.

पन्नासच्या दशकाचा तो मध्य असेल. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातली नुसती एक तहसील होती, आणि धानोरा तिच्याही पलीकडे, जंगलात. आमचे हे जंगल खात्यात होते. लग्न झालं आणि मी कुडाळजवळच्या आमच्या गावाहून निघाले ती आधी मोटारीनं, मग रेल्वेनं, परत मोटारीनं आणि शेवटी बैलगाडीनं धानोऱ्याला पोचले. सगळ्या वाटेवर माझ्या मांडीवर रॉकेलचा अर्धा कापलेला डबा होता. त्यात आमच्या परड्यातल्या दालचिनीचं रोप. निघताना आईनं तो माझ्या हातात दिला होता. "थंय काय गावात की नाय, कोणाक ठावक," तिथं काय मिळेल न मिळेल या काळजीनं ती म्हणाली होती. "ह्या झाड आसांदे सोबतीक."

रेल्वेत लोक विचारत, यात काय आहे? हे खिडकीबाहेर बघत बसत. नव्या नवऱ्याला डब्यातल्या झाडाची लाज वाटत असावी.

धानोऱ्याला आमचं घर म्हणजे एका लांब कौलारू इमारतीचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात जंगलमालाच्या एका ठेकेदाराचे मुनीमजी राहत. मध्ये एकच मातीची भिंत. मागं दोघांचं मिळून एक अंगण, सभोवार बांबूचं कुंपण, एका कोपऱ्यात विहीर आणि मधोमध एक मोठा करंज. कुंपणापलीकडे लगेच झाडी सुरू होई. मी आले त्या वैशाखात मोहाचा वास ओसरत आला होता आणि दुपारी सगळं इतकं गप्प असे की कौलावर पान पडलं तरी ऐकू येई.

मुनीमजींची बायको केसर. बिकानेरच्या बाजूची, माझ्याच वयाची, माझ्याआधी वर्षभर इथं येऊन राहिलेली. पुरुष माणूस दिसलं की तिचा घुंघट हनुवटीपर्यंत खाली येई, आणि ते गेलं की ती घुंघट मागं टाकून मोठमोठ्यानं बोलायला लागे. तिची बोली ऐकून मी पहिल्या दिवशी चकित झाले. मारवाडीत सुरू झालेलं वाक्य हिंदीतून जाऊन झाडीच्या मराठीत संपायचं. ती मराठी तिला भागरतानं शिकवली होती. भागरता म्हणजे तलावाकाठच्या ढिवरांपैकी एक बाई. एक दिवसाआड मासे घेऊन यायची, मासे नसले तर नुसती बसायला यायची. तिला माझी मराठी पटत नसे.

"बाई, तुमी बोल्ता ते मले समजते," ती म्हणायची, "पन मास्तर बोलून राह्यला असं वाटते."

त्यामुळे गंमत अशी की आम्हा तिघींत मराठी मुलुखातली मी, आणि माझं बोलणं भागरताला समजावून सांगायची ती बिकानेरची केसर.

दालचिनी मी पाऊस स्थिरावल्यावर करंजाच्या सावलीत लावली. लहानपणी दालचिनीला ऊन सोसत नाही. तिला विरळ सावली हवी, पायाशी ओल हवी, पण पाणी साचलेलं चालत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आमच्या परड्यात बघून माहीत होतं. आळं केलं, पालापाचोळा टाकला, रोज सकाळी जाऊन बघत बसे. एक पान उघडायला ती आठवडाभर लावी. आधी नखाएवढा लाल कोंब, मग तांब्याच्या पत्र्यासारखं पातळ, लवलवतं पान, मग हळूहळू हिरवं, आणि त्यावर देठापासून टोकापर्यंत तीन शिरा. पान चुरडायचं माझ्या मनात येई, पण मी कधी चुरडलं नाही. वास घ्यायचा तर पान जाणार, आणि पानं मोजकीच होती.

केसरची सेवण मात्र कुणी लावली नव्हती. ती आपसूक आली. केसर माहेरून आली तेव्हा तिच्या पेटीत लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या होत्या, आणि त्या फुटू नयेत म्हणून भोवती वाळलेलं गवत कोंबलेलं होतं. बरण्या काढल्यावर पेटीतच राहिलेलं ते गवत तिनं त्या उन्हाळ्यात अंगणाच्या खालच्या टोकाला, विहीर बांधताना उरलेल्या वाळूच्या ढिगावर फेकून दिलं. पहिल्या सरींनंतर त्या वाळूतून काही पाती वर आली. धानाच्या मुलुखात गवताकडे कोण बघतो? मीही पाहिलं नव्हतं. एका सकाळी केसर पाण्याला निघालेली, ती त्या ढिगाजवळ थबकली, कळशी खाली ठेवली आणि उकिडवी बसली. बराच वेळ ती उठेना तेव्हा मी जवळ गेले.

"साप आहे का?" मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. तिनं पात्याला बोट लावलं नव्हतं, नुसती बघत होती. "ही सेवण हाये. आमच्याकडची. म्हारे बापू इचे पूले, पेंढ्या, बांधून ठेवत. पाऊस नाई आला तरी गाय याच्यावर जगते."

"एवढंसं गवत?"

"आता एवढंसं हाये. मंग पाहाय तू."

त्या दिवसापासून अंगणात दोन बागा झाल्या, असं आम्ही हसून म्हणत असू. मी माझ्या झाडाला पाणी घाली, ती तिच्या झाडाचं पाणी काढी. बोटांनी वाळूत चर पाडून ती पावसाचं पाणी बाजूला वळवायची. मी सावली राखायची, ती ऊन शोधायची. दुपारी आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसून आपापल्या झाडांची तरफदारी करत असू. ती म्हणे, थारी दालचिनी लाडाची लेक हाये, रोज विचारपूस लागते. मी म्हणे, तुझ्या सेवणीला वास नाही, फूल नाही, स्वयंपाकात उपयोग नाही, बागेत तिचं काम काय? ती विचार करून म्हणाली, "खडी रहती है. अजून काय पाह्यजे?"

एकदा तिनं तिचं गाव सांगितलं. तिथं झाड मोजकं. माणूस येताना फार लांबून दिसतो. आधी ठिपका, मग उंट, मग पगडीचा रंग. कोण आहे हे कळेपर्यंत चुलीवर चहा चढतो. "इथी तं झाडंच झाडं," ती म्हणाली. "आदमी येऊन राह्यला का वाघ, काई दिसत नाई. एकदम दारात. मले तं पह्यल्या साली लय भेव वाटे." मी तिला आमची खाडी सांगितली, होड्या सांगितल्या. तिला एवढं पाणी एका जागी असतं यावर विश्वास बसेना. आपलं गाव दुसऱ्याला सांगताना ते जेवढं दूर जातं तेवढं एरवी जात नाही.

पावसाळ्यात सागाची लागवड चाले, म्हणून हे लागवडीच्या तळावर असत. मध्ये नाले भरले की येणं होत नसे. मुनीमजी ठेकेदाराच्या हिशोबांसाठी राजुऱ्याकडे गेलेले असत. कठाणी नदीला पूर आला की गडचिरोलीची वाट बंद. मग त्या लांब कौलारू घरात भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे केसर, एवढंच उरे. श्रावणातल्या त्या संततधारेत मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. नदी उतरली की पहिल्या गाडीनं कुडाळ गाठायचं आणि परत यायचं नाही. ह्यांना मी हे सांगितलं नव्हतं. तेही वाईट नव्हते. दिवसच्या दिवस रानात राहिल्यानं त्यांना बोलायची सवय राहिली नव्हती, आणि मला ऐकायला माणूस हवं होतं.

श्रावणात सेवण पिवळी पडू लागली. वाळूचा ढीग पावसानं पसरून सपाट झाला होता आणि खालची चिकट माती वर आली होती. त्यात करंजाची सावली. केसर रोज सकाळी जाऊन मधली कुजकी पाती उपटायची. तिचा चेहरा उतरलेला असे. आणि भाद्रपदात एका दिवशी मी धान कांडायला दिलं होतं ते आणायला भागरताकडे गेले, परत आले तो अंगणात लख्ख ऊन. केसरनं एका माणसाला बोलावून करंजाची मोठी फांदी तोडून घेतली होती. फांदी सेवणीच्या बाजूची होती, पण सावली दोघींची होती.

"मला विचारायचंस तरी," मी म्हटलं.

"तू काऊन हो म्हटली असती?" ती म्हणाली. "म्हारी सेवण मरून राह्यली."

"आणि माझं झाड?"

"तुझ्या झाडाले तू हायेस. मी तं तिच्यासाठी ऊन आनू शकत नाई, फांदीच तोडू शकते."

मग पाऊस पुरताच उघडला. भाद्रपदातलं ते ऊन फार वाईट असतं, ओलं आणि चावरं. दालचिनीची वरची पानं दोन दिवसांत कडेनं करपली. मी जुनं लुगडं बांबूवर ताणून तिला आडोसा केला आणि केसरशी बोलणं सोडलं.

इतकी वर्षं मागं पडल्यावर हे भांडण किती लहान होतं ते दिसतं. पण धानोऱ्यात तेव्हा बोलायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे ते लहान नव्हतं. शहरात एकीशी बिनसलं तर चार घरं मोकळी असतात. तिथं एकीशी बिनसलं म्हणजे तोंड उघडायचं कारणच संपलं. ती विहिरीवर असली की मी थांबायची, मी असले की ती. भिंतीपलीकडून तिचा झाडू ऐकू यायचा, बांगड्या ऐकू यायच्या, एखादं भांडं पडायचं. मी माझी भांडी जरा जोरात ठेवायची. आपण घरात आहोत हे कुणाला तरी कळावं, एवढंच असेल ते. भागरता दोन्ही दारांत बसून जायची आणि दोघींनाही सारखंच सांगायची.

"तुमी दोघी बी येड्या हा. एक झाड अन् एक गवत. आमच्या धानाच्या बांधीत हे गवत उगोलं असतं तं आमी निंदून फेकलं असतं."

मग मला ताप आला. हिवताप त्या दिवसांत नवा नव्हता. फवारणीवाले येऊन भिंतींवर पांढरं औषध मारून गेले होते, तरी घरोघर कुणीतरी पांघरूण घेऊन पडलेलं असे. आधी थंडी भरली. घरातलं होतं नव्हतं ते अंगावर घेतलं तरी दात वाजत होते. मग अंग भाजायला लागलं. हे तळावर, भागरताची यायची पाळी दुसऱ्या दिवशी. चूल पेटवणं राहिलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. भिंतीवर टकटक केलं असतं तर तिला ऐकू गेलं असतं. मी केलं नाही.

सकाळ सरली आणि मागचं दार ढकलून केसर आत आली. माझ्या कपाळाला हात लावला, परत गेली, आणि तिच्या घरून घोंगडं घेऊन आली. नंतर तिनं सांगितलं, कौलांतून धूर दिसला नाही म्हणून आले. तिच्या गावी शेजारच्या घरातून धूर निघाला नाही तर जाऊन बघतात.

ती माझ्याकडेच राहिली. भात तिला लग्नाआधी माहीत नव्हता, पण तिनं भागरताला विचारून मऊ पेज केली आणि चमच्यानं भरवली. कोयनेलच्या गोळ्या कडू लागून मी थुंकायला लागले की ती माझी हनुवटी धरून ठेवी. त्या दोन दिवसांतलं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. एक मात्र नीट आठवतं. ताप उतरता उतरता कसला तरी वास आला आणि मी आमच्या कुडाळच्या माजघरात होते. आई पलीकडे कढईत काहीतरी परतत होती. मी तिला हाक मारली. डोळे उघडले तर समोर केसर, हातात वाफाळलेला पेला. तिनं दालचिनीची पानं तोडून, आलं आणि मिरे घालून काढा केला होता.

"तुझीच पानं तोडली," ती म्हणाली. "लय तोडली. मंग भांड माझ्यासंग."

मी काढा प्यायले. मग रडायला लागले, आणि ते काही केल्या थांबेना. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तिला सगळं सांगून टाकलं. नदी उतरली की मी जाणार आहे, परत येणार नाही, ह्यांनाही सांगितलेलं नाही. तिनं मला थांब म्हटलं नाही. समजावलं नाही.

"तुले जायाले घर हाये, तं जाय," ती म्हणाली. "मले बापू नाई, माय नाई. भौजाईच्या घरी कोन जाईल? मी इथीच हाये. पन शालू, जाशील तं मले सांगून जाय. एका दिवशी उठून पाह्यलं अन् तुझं घर खाली, असं नको करू."

मी तिला तसं वचन दिलं. आणि आश्विनात नदी उतरली, गडचिरोलीची गाडी सुरू झाली, तरी मी कुडाळला गेले नाही. का गेले नाही ते मला नीट सांगता येणार नाही. दुपारी पुन्हा आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसू लागलो होतो. पाऊस सरल्यावर सेवणीनं पुन्हा बाळसं धरलं. बुंध्याशी लाकडासारखी टणक झाली, आणि एके दिवशी तिला रेशमासारखे रुपेरी तुरे फुटले. वारा आला की ते सगळे एका बाजूला झुकत. मी पहिल्यांदा मान्य केलं की ती सुंदर दिसते. केसरनं तेवढ्यावर समाधान मानलं नाही. "दालचिनीपेक्षा?" तिनं विचारलं. दालचिनीचा नुसता शेंडा उरला होता. आम्ही दोघी हसलो.

माझा ताप अधूनमधून उलटत होता, म्हणून दसऱ्यानंतर हे मला गडचिरोलीला डॉक्टरला दाखवायला घेऊन गेले. सकाळी निघालो तेव्हा केसरचं दार अजून बंद होतं. दोन दिवसांत परत यायचं होतं, तिला ते माहीत होतं. तिथं डॉक्टरांनी ठेवून घेतलं आणि आम्हाला जास्त दिवस लागले.

परत आलो तेव्हा दुपार होती. मी घरात सामान टाकून तशीच मागच्या अंगणात गेले. तिचं मागचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. जमीन झाडून सारवलेली, चुलीतली राख काढलेली, खुंट्या मोकळ्या. कोनाड्यातला देव नव्हता, तिथं तेलाचा डाग होता. मी त्या खोलीतून त्या खोलीत गेले. हाक मारली नाही. हाक मारून काय व्हायचं होतं ते दिसतच होतं.

संध्याकाळी भागरता आली. ती दारातच बसली.

"ठेकेदाराचं काम इथलं सरलं," ती म्हणाली. "मुनीमजी गाडे घेऊन आले अन् म्हने आजच निघाचं. बाई तं तुमच्या दाराकडं पाहून राह्यली होती. गाडीवान घाई करून राह्यला. मी म्हटलं, येतीन वो बाई, दवाखान्यात गेल्या."

"माझ्यासाठी काही सांगून गेली का?"

भागरतानं मान हलवली. "नाई. गाड्यात बसली अन् पदर खाली घेतला."

मी त्या वेळी रडले नाही. मला राग आला होता. जी मला सांगून जा म्हणाली, तीच अशी गेली. तिचा नाइलाज होता हे कळत होतं, तरी राग जात नव्हता. भागरताजवळ चार शब्द ठेवून जाता आले असते. त्या हिवाळ्यात भिंतीपलीकडून काही ऐकू यायचं नाही. मी भांडी हळू ठेवायला शिकले.

झाडांचं सांगायचं तर, हिवाळाभर सेवण उत्तम राहिली. मी तिला एक थेंब पाणी घातलं नाही. उन्हाळ्यात अंगण भाजून निघालं, विहीर तळाला गेली, मी दालचिनीसाठी अर्धी अर्धी बादली वाचवत होते, तेव्हाही सेवण ताठ उभी होती. भागरतानं एकदा येऊन तिच्याकडे निरखून पाहिलं आणि निघून गेली. पण पुढचा पावसाळा तिला झेपला नाही. चर पाडून पाणी वळवणारं कुणी नव्हतं. मी पाडले, पण मला ते तिच्यासारखे जमले नाहीत. भाद्रपदात ती मधून काळी पडली आणि एका सकाळी हात लावला तर मुळासकट वर आली. दालचिनी खांद्याएवढी झाली. पुढं ह्यांची बदली झाली. निघताना मी तिची चार पानं लुगड्याच्या घडीत घातली. त्या अंगणात नंतर कोण राहिलं, झाड ठेवलं की तोडलं, मला माहीत नाही. एवढं कळलं की दोन्ही झाडं वाईट नसतात, पण एका झाडाचं ऋतुमान दुसऱ्याचा दुष्काळ असतो, आणि दोघांना एका अंगणात जगवायचं तर दोन माणसं लागतात.

केसर मला पुन्हा भेटली तोवर मध्ये खूप वर्षं गेली होती. हे निवृत्त होऊन आम्ही चांद्याला घर केलं होतं, आणि त्या घरात हे फार दिवस जगलेही नाहीत. माझ्या पुतणीचे यजमान राजुऱ्याजवळ कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. तिच्या मुलाच्या बारशाला गेले होते. दुपारी मोकळा वेळ होता म्हणून मी राजुऱ्याच्या बाजारात, मुनीमजी हिशोबांना इकडे येत हे आठवून, एका कापडदुकानदाराला सहज विचारलं, पूर्वी धानोऱ्याला जंगलमालाच्या ठेकेदाराकडे असलेले मुनीमजी कुठं राहतात. त्यानं समोरच बोट दाखवलं. मुनीमजी वारले होते. खाली मुलाचं किराणा दुकान होतं, वर घर.

ती खाटेवर बसली होती. अंगानं सुटलेली, जाड भिंगांचा चष्मा. मला ओळखायला तिला वेळ लागला. मी धानोरा म्हटलं, विहीर म्हटलं. मग तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही.

मी तिला सेवणीचं सांगितलं. कशी टिकली, कशी गेली. ती लक्ष देऊन ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"सेवण?" ती म्हणाली. "धानोऱ्याले कुठी होती सेवण?"

मी वाळूचा ढीग सांगितला, बरण्या सांगितल्या, करंजाची फांदी सांगितली. तिला काही आठवेना. तिनं माझा हात थोपटला, जणू मीच काहीतरी चुकीचं आठवत होते. मला फार एकटं वाटलं. एक सबंध पावसाळा दोघींचा म्हणून मी जपला होता, आणि त्याला आता साक्षीदार उरला नव्हता.

मग ती आपणहून बोलू लागली.

"तुझ्या दाराले कुलूप होतं," ती म्हणाली. "मी दोन डाव येऊन पाह्यलं. भागरता म्हने, येतीन. मले नाई वाटलं. मले वाटलं, गेली तू माहेरी. मले न सांगता गेली."

"मी गडचिरोलीला होते, केसर. दवाखान्यात. तुला माहीत होतं."

"माहीत होतं. दोन दिवस म्हटली होती तू. दोनाचे किती झाले. मंग कसं वाटन मले?" ती म्हणाली. "गाड्यात बसून मी लय गुस्सा केला तुझ्यावर. मुनीमजीले बी नाई सांगितलं. इतके साल गुस्साच होती."

"मीसुद्धा," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. खालून दुकानातला आवाज वर येत होता, कुणी साखर मागत होतं, कुणी तेल.

तिची सून चहा घेऊन आली. राजुऱ्यातच वाढलेली, चटपटीत मुलगी. तिनं कप माझ्या हातात दिला आणि सासूकडे पाहून विचारलं, "बाई, ह्या कोन वो?"

केसरनं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ही माझी शेजारीन," ती म्हणाली.

सून खिडकीतून आजूबाजूची घरं पाहू लागली. समोर कापडाचं दुकान होतं, शेजारी पिठाची गिरणी. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि रिकामा ट्रे उचलून आत गेली.